टेबलावरचं पांढरं कापड

हरिओम आणि बुद्धभूषण यांचा धंदा एक, फ्लेक्सवर छापलेलं नाव एक. पण कुठेही स्टॉल लावला की टेबलं दोन लागायची. एका टेबलापाशी फळीचा खेळ, दुसऱ्यावर पाखरांचा. आणि लोक कुठल्या टेबलाकडे वळणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळायचं.

फळीचा खेळ व्हीआरचा होता. डोळ्यांवर तो जाडजूड काळा चष्मा चढवला की समोरचा मांडव, माणसं, स्वतःचे पायसुद्धा दिसेनासे व्हायचे आणि माणूस एकदम चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवर उभा असायचा. गच्चीतून एक अरुंद फळी बाहेर काढलेली. तिच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच खेळ. हरिओमने खाली जमिनीवर खरीच सागवानी फळी ठेवली होती, चार बोटं उंचीची. पायाला ती लागली की उरलेलं सगळं माणसाला खरं वाटायला लागायचं. भलेभले गडी तिच्यावर बसकण मारायचे. भोवतीच्या लोकांना इमारत दिसत नसे, फक्त चार बोटांच्या फळीवर थरथर कापणारा गडी दिसे, आणि त्यातच खरी मजा होती.

पाखरांच्या खेळात डोळे झाकायचे नव्हते. तो एआरचा. हातात टॅब धरायचा आणि त्यातून समोरचं टेबल बघायचं. टेबल तेच, वरचा पेला तोच, पाण्याची बाटली तीच. फक्त त्यांच्यामध्ये पाखरं उतरलेली दिसायची. होला, साळुंकी, सुगरण, वेडा राघू. एखादं पेल्यामागे दडायचं, एखादं बाटलीच्या बुडाशी. ती शोधायला टेबलाभोवती फिरावं लागायचं, वाकावं लागायचं. बाराच्या बारा सापडली की सगळी एकदम उडून मांडवाच्या वाशावर जाऊन बसायची. हा खेळ भूषणने स्वतः बनवला होता, आणि पाखरांची चित्रं त्याच्या धाकट्या बहिणीने, ज्योत्स्नाने काढली होती. त्यांचं घर बदनापूरला. वडील कृषी संशोधन केंद्रात रोजंदारीवर होते, ते गेल्यावर आई बेबीनंदा त्याच ठिकाणी लागली. लहानपणी ज्योत्स्ना तिथल्या बांधांवर तासन्‌तास बसायची. कुठलं पाखरू मान कशी वळवतं हे तिला न बघता काढता येत असे.

हरिओम राजूरजवळच्या गावचा. घरी शेती, भाऊ शेतीत, आणि हा जालन्याच्या कॉलेजात भूषणच्या शेजारच्या बाकावर. दोघांनी मिळून काही करायचं हे तिसऱ्या वर्षालाच ठरलं होतं. भूषणला बनवता येत होतं आणि हरिओमला बोलता येत होतं. चष्मे हरिओमने आणले, फळीचा खेळ तयार मिळाला तसाच घेतला.

राजूरला अंगारकी चतुर्थीच्या दिवशी त्यांनी पहिला मोठा स्टॉल लावला. दर्शनाची रांग एका बाजूला आणि फळीची रांग दुसऱ्या बाजूला. नऊवारी नेसलेल्या एका आजीबाईंनी ती फळी न डगमगता पार केली आणि चष्मा काढल्यावर, विहिरीच्या मोटेवर याच्यापेक्षा जास्त भ्या वाटायचं, असं सांगितलं. त्यानंतर तर रांग दुप्पट झाली. पाखरांच्या टेबलापाशी लोक यायचे, टॅब हातात घ्यायचे, आणि हे तर आपल्याच समोरचं टेबल हाय म्हणून परत द्यायचे. एका गृहस्थाने तर खेळ कधी सुरू होणार असं विचारलं, तेव्हा साळुंकी त्याच्या हाताशी चालत होती.

परतताना हरिओमने भूषणला समजावून सांगितलं, की माणूस जत्रेला येतो तो आपलं रोजचं विसरायला. त्याला रोजचंच टेबल दाखवून कसं चालेल. चष्मा त्याला उचलून दुसरीकडे नेतो. भूषण म्हणाला, बरोबर आहे, पण चष्मा एकदा लावला की माणसाची हौस फिटते. आज आलेल्यांपैकी दुसऱ्यांदा कोण येतं ते बघ. हे बोलणं भांडणाचं नव्हतं. त्या दिवसांत ते दोघं अशा गोष्टींवर तासभर बोलायचे आणि शेवटी चहा प्यायचे.

एक गोष्ट मात्र हरिओमला तेव्हाही कळत होती. स्टॉलवर येणारे लोक त्याला शेठ म्हणायचे आणि भूषणला पाणी आणायला सांगायचे. कुणी मुद्दाम करत नसेल. हरिओमचा आवाज मोठा, कपडे कडक, आडनाव ओळखीचं. भूषण हसून सोडून द्यायचा. हरिओम कधी दुरुस्त करायचा, कधी करायचा नाही. न केलेल्या वेळा जास्त होत्या.

मग बदनापूरची शाळा आली. तिथल्या मुख्याध्यापिका पुष्पाबाई, करड्या शिस्तीच्या म्हणून तालुक्यात नाव असलेल्या. त्यांनी दोघांना एक दिवस शाळेत बोलावलं. वर्गात गोष्ट उलटी झाली. चष्मा एका वेळी एकच पोर लावणार, बाकीची एकोणचाळीस नुसती ताटकळणार. एका मुलीला गरगरलं, तिला बाहेर नेऊन तोंड धुवायला लावलं. पाखरांच्या टेबलाभोवती मात्र एका टॅबवर आठ-आठ डोकी झुकली होती. एकाने टॅब धरायचा, बाकीच्यांनी वाकून, बाकाखाली शिरून, इकडं हाय, तिकडं हाय असं सांगायचं. मधल्या सुट्टीत पोरं डबे खायला जाईनात. पाखरू डब्यावरही बसतं का हे बघायला त्यांनी डबेच टेबलावर आणून मांडले.

पुष्पाबाईंनी दोघांना ऑफिसात बसवून सांगितलं, की आमच्या संस्थेच्या जिल्हाभर शाळा आहेत आणि संस्थेचे लोक असं काहीतरी एक सगळ्या शाळांसाठी घेणार आहेत. पुढच्या महिन्यात जालन्याच्या मंगल कार्यालयात प्रदर्शन आहे, तिथे ते येतील. दोन्ही दाखवा, ते एक निवडतील. मग त्या हरिओमकडे न बघता भूषणकडे बघून म्हणाल्या, "मला विचाराल तर पाखरं. चष्म्यात पोरगं एकटं पडतं."

त्या दिवशी मोटरसायकलवर मागे बसलेला भूषण सारखा बोलत होता. गावाच्या पारावर पाखरं उतरवू, ओढ्याकाठी मासे दाखवू, ज्योत्स्नाला अजून चित्रं काढायला लावू. आणि बोलता बोलता, अगदी मायेने, तो हरिओमला म्हणाला, "तू फक्त बोलायचं काम सांभाळ. बाकी मी बघतो."

हरिओम हो म्हणाला. पण ते वाक्य त्याच्या डोक्यात घुसून बसलं. आपल्या टेबलावरचा खेळ दुसऱ्याने बनवलेला, चष्मे दुसऱ्या देशातून आलेले, आणि आपलं काय, तर बोलणं. उद्या पाखरं निवडली गेली तर शेठ भूषण होणार आणि पाणी आणायला आपण जाणार. असं काही भूषणच्या मनात नव्हतं हे त्यालाही माहीत होतं. माहीत असूनही महिनाभर तो तेच घोळवत राहिला.

पाखरांच्या खेळाची एक अडचण होती. कॅमेऱ्याला टेबल कुठे आहे हे समजायला टेबलावर काहीतरी खुणा लागतात. फुलं, रेघा, डाग, काहीही. त्या खुणांना धरून तो पाखराला जागेवर बसवतो. टेबल नुसतं कोरं, चकचकीत असलं तर त्याला धरायला काही सापडत नाही आणि पाखरं घसरतात. म्हणून ज्योत्स्ना घरची एक फुलाफुलांची चादर नेहमी बरोबर आणायची. ती अंथरली की काम झालं. ही गोष्ट त्या तिघांनाच माहीत होती.

प्रदर्शनाच्या दिवशी मंगल कार्यालयात सकाळपासून गर्दी होती. बारा वाजता संस्थेचे लोक आल्याचा फोन आला. त्यांना घेऊन यायला भूषण फाटकाकडे गेला. ज्योत्स्ना हात धुवायला मागे गेली होती. हरिओम दोन टेबलांच्या मध्ये उभा होता. शेजारच्या खुर्चीवर कार्यालयाच्या माणसाने ठेवलेली टेबलक्लॉथची चळत होती, पांढऱ्या साटीनची, कडक इस्त्रीची.

नंतर त्याने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, की टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून आपण ते केलं. सगळ्या स्टॉलवर पांढरी कापडं होती, आपल्याच टेबलावर घरची चादर बरी दिसत नव्हती. पण हात चालत होता तेव्हा त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने पेला आणि बाटली उचलली, चादर काढली, पांढरं कापड ओढून ताठ बसवलं, पेला आणि बाटली परत ठेवली. मग चादरीची चारही टोकं जुळवून घडी घातली आणि ज्योत्स्नाच्या पिशवीत ठेवली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

पाहुणे थेट टेबलापाशीच आले. सहा-सात जण होते आणि त्यांच्या मागून भूषण. त्याने कापड पाहिलं तेव्हा मुख्य साहेबांनी टॅब हातात घेतलाही होता. त्यांना थांबा म्हणणं त्याला जमलं नाही. त्याने खेळ सुरू केला. साळुंकी टेबलावर उतरली आणि सरकत सरकत कडेवरून खाली गेली. होला हवेतच लटकून थरथरत राहिला. सुगरण साहेबांच्या पोटाच्या जागी जाऊन बसली, तसे बरोबरचे लोक हसले. साहेबही हसले, चांगले होते ते. भूषण खाली वाकून पिशव्या हलवत काहीतरी शोधत होता, पृष्ठभाग, खुणा, एक मिनिट सर, असं तुटक बोलत होता. ज्योत्स्ना परत आली ती पाहुण्यांच्या मागे अडकली. एक बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "छान प्रयत्न आहे. अजून काम करा याच्यावर."

मग सगळे फळीकडे वळले. हरिओमने चष्मा साहेबांना चढवला, त्यांचा हात धरला आणि आपल्या ठसठशीत आवाजात एकेक पाऊल सांगत गेला. साहेब मधोमध जाऊन थांबले आणि आईला हाक मारून खाली बसले. अख्खं कार्यालय गोळा झालं. फळी निवडली गेली हे तिथेच ठरलं.

संध्याकाळी सामान आवरताना भूषणने ज्योत्स्नाची पिशवी उघडली आणि चादर वर आली. त्याने ती हातात घेतली, तिची घडी पाहिली. मग त्याने ज्योत्स्नाला विचारलं, हे का केलंस. तिला आधी कळलंच नाही. मी न्हाई केलं दादा, ती म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं. तुला सगळं नटवायची हौस, तो म्हणाला. तुला शंभर वेळा सांगितलं होतं, पांढरं नको, चकचकीत नको. तुला हा चित्रकलेचा तास वाटला का. दोन वर्षांचं माझं काम तू एका मिनिटात मातीत घातलं. तो ओरडला नाही. हळू बोलत होता आणि त्यामुळे ते जास्त लागत होतं. ज्योत्स्ना रडली नाही. तिने एकदा हरिओमकडे पाहिलं.

हरिओम चार हात अंतरावर बसून चार्जरची वायर गुंडाळत होता. त्याने मान खाली घातली आणि वायर गुंडाळत राहिला. तेव्हा त्याने तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथेच निस्तरली असती. संस्थेचे लोक सगळे स्टॉल बघून अजून फाटकातच होते, चहा घेत होते. त्यांना परत बोलावून चादर अंथरून दाखवता आलं असतं. पण वायर गुंडाळून संपली, भूषण आणि ज्योत्स्ना बदनापूरच्या गाडीसाठी स्टेशनला गेले, आणि तो म्हणाला काहीच नाही.

पुढे दोन महिन्यांत भूषण धंद्यातून बाहेर पडला. भांडण नाही, काही नाही. माझ्या हातात दम न्हाई रे, खेळ कच्चाच होता, असं तो म्हणाला, आणि जालन्याच्या एमआयडीसीत एका सळईच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नोकरीला लागला. हरिओमने फळी घेऊन जिल्हाभर शाळा केल्या. पहिलं वर्ष जोरात गेलं. पोरं किंचाळायची, मास्तर किंचाळायचे, फोटो पेपरात यायचे. दुसऱ्या वर्षी त्याच शाळांमध्ये गेला तर पोरांनी आधीच विचारलं, फळीच हाय का दुसरं काही. तिसऱ्या वर्षी बऱ्याच शाळांतले चष्मे कपाटात गेले होते, काहींच्या काचांवर चरे पडले होते. बदनापूरला पुष्पाबाईंनी त्याला चहा पाजला, इकडचं तिकडचं विचारलं आणि मध्येच म्हणाल्या, की ती पाखरंवाली मुलं आता नववीला गेली, पण अजून विचारतात. हरिओमला त्या चहाची चव लागली नाही.

तरी तो स्वतःची समजूत घालू शकत होता. एक खेळ बुडाला, असे शेकडो बुडतात. भूषणला पक्की नोकरी लागली, उलट बरंच झालं. लग्न झालं त्याचं. हरिओम लग्नाला जाऊन आला होता, जेवला होता, फोटोत उभा राहिला होता.

त्या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली. एक दिवस बदनापूरच्या स्टँडवर त्याला बेबीनंदामावशी भेटली. जालन्याहून डोळे तपासून आली होती. त्याने तिची पिशवी हातात घेतली, रिक्षापर्यंत सोडायला निघाला. भूषण कसा आहे, ज्योत्स्ना कशी आहे, असं नेहमीचं विचारलं. ज्योत्स्ना घनसावंगीला दिली होती, तिथे शाळेत शिकवत होती. मावशी म्हणाली, हाय बरी. मग दोन पावलं चालून थांबली.

"तुला म्हनून सांगते बाबा, दोघं बहीणभाऊ एकमेकाशी बोलंनात. तीन वर्षं झाली. भूषणच्या लग्नात आल्ती पावन्यासारखी आन्‌ गेली पावन्यासारखी. आता भूषणची बायको दिवसातली हाय, तर नणंदेचा साधा फोन न्हाई. कायचं तरी कापड, म्हनं. एका कापडावरून कुनी असं करतं का?"

हरिओमने विचारलं, ती चित्रं काढते का अजून. मावशी म्हणाली, कवाच सोडलं, वह्या इथंच पडल्यात माळ्यावर.

रिक्षा गेली आणि तो स्टँडवरच्या बाकड्यावर बसला. एवढी वर्षं त्याने धरलेला हिशोब असा होता, की आपण भूषणचा एक खेळ पाडला. त्या एका मिनिटाची झळ तिसऱ्याच माणसाला लागत राहिली आहे, रोज लागते आहे, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. घरी न जाता तो तसाच जालन्याकडे वळला.

कारखान्यापाशी पोचला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. भूषण फाटकाबाहेरच्या टपरीवर भेटला, हसला, अरे तू इकडं कुठं म्हणाला, दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत हरिओम थांबला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पुष्पाबाईंच्या ऑफिसपासून सुरुवात केली आणि पिशवीत ठेवलेल्या चादरीपर्यंत आला. सांगताना कुठे सावरून घेतलं नाही. कापड चांगलं दिसावं म्हणून, वगैरे काही बोलला नाही.

भूषण ऐकत होता. मागे ट्रकवर सळया चढत होत्या, त्यांचा खणखणाट मधूनमधून बोलणं बुडवत होता. तो सुरू झाला की हरिओम थांबायचा आणि तो विरला की पुढे सांगायचा. सगळं सांगून झाल्यावर भूषणने एकच विचारलं.

"चादरीची घडी तूच घातल्ती?"

"हो."

"टोकाला टोक लावून घातल्ती. तशी तीच घालते, म्हणून मला वाटलं, तिनंच केलं." तो टपरीच्या खांबाला टेकला. "तू मला पाडलं ते मी गिळलं असतं हरिओम. पण मी तिला बोलून राह्यलो आन्‌ तू तिथं बसून ऐकून राह्यला. वायर गुंडाळत होतास तू. मला आठवतंय."

मी ज्योत्स्नाला कसं सांगू, असं काहीतरी हरिओम पुटपुटला; तू सांगशील का, असं त्याला म्हणायचं होतं. भूषणला ते कळलं. तुझा निरोप मी नेणार न्हाई, तो म्हणाला, तू जा. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि तो आत गेला. दोन्ही चहा तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी हरिओम जीपने घनसावंगीला गेला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि जीपमध्ये बाया दाटीवाटीने बसल्या होत्या, पण त्याला काय दिसलं आणि काय नाही हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. ज्योत्स्नाचं घर सापडायला वेळ लागला नाही. ती नुकतीच शाळेतून आली होती. तिने जय भीम केला, त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. नवरा कामावर होता. सासू दाराशी शेंगा निवडत बसली होती, म्हणून हरिओम खालच्या आवाजात बोलला.

तो अर्ध्यावर आला असेल, तेव्हा ज्योत्स्ना म्हणाली, "मला माहीत हाय, हरिओमदादा."

त्याने पेल्यातलं उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"तिघंच तर होतो आपण. चादर मी काढली न्हाई, दादा फाटकात होता. मंग कोण राह्यलं? त्याच दिवशी गाडीत मी दादाला सांगितलं, की हे हरिओमदादाचं काम हाय." तिने त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि खाली ठेवला. "तर दादा मला काय म्हणाला माहीत हाय? म्हणाला, स्वतःची चूक झाकायला माझ्या मित्राचं नाव घेऊ नको. हरिओम मरंल पण असं करणार न्हाई. पुन्हा त्याचं नाव घेतलंस तर माझ्याशी बोलू नको. मी पुन्हा एकदा घेतलं. मंग बोलणं बंद झालं."

भूषणने हे काल सांगितलं नव्हतं. खणखणाटात उभं राहून सगळं ऐकलं, घडीचं विचारलं, वायरीचं बोलला. पण आपण तुझ्यासाठी सख्ख्या बहिणीला खोटं ठरवलं, एवढं एक त्याने गिळून टाकलं होतं. हरिओमला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचं ओझं थोडं तरी हलेल. तिथे त्या खुर्चीत बसल्यावर त्याला कळलं, की आपण काय मोडलं हे आपल्याला आत्ता कुठे दिसतं आहे. भूषणचा इतका विश्वास आपल्यावर होता हे त्याला त्या दिवशी माहीत असतं, तर हात चालला असता का? चालला असता, नसता. त्याला सांगता येईना.

त्याने माफी मागितली. ज्योत्स्ना म्हणाली, की तुम्ही दादाला सांगितलं, बरं केलं. मला सांगायला आलात तेही बरं. पण माफ केलं असं आत्ता म्हणले तर ते खोटं होईल. त्याने वह्यांचा विषय काढला, मावशीकडे माळ्यावर आहेत, पुन्हा काढशील का चित्रं, मी मिळेल ती मदत करीन, असं म्हणाला. तिने मान हलवली. हात वळत न्हाई आता, ती म्हणाली, आणि पोरांच्या परीक्षेचे पेपर ओढून समोर घेतले. सासूने विचारलं, पाव्हणे जेवून जाणार का. तो उठला.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्याच आठवड्यात भूषण घनसावंगीला गेला होता. दिवसभर तिथे होता. दोघांत काय बोलणं झालं ते मावशीलाही माहीत नाही. पण संध्याकाळी तो एकटा आला आणि नंतरच्या रविवारी ज्योत्स्ना माहेरी आली, चार दिवस राहिली. बोलणं सुरू झालं. पहिल्यासारखं न्हाई, मावशी म्हणाली, जपून बोलतात दोघं. दादा फार जपतो तिला, ते तिला आवडत न्हाई. पाखरांचा खेळ परत उघडून बघितला का, असं हरिओमने विचारलं. उघडला होता म्हणे, नव्या टॅबवर तो चालतच नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि भूषणने तो नाद सोडला आहे.

हरिओमने स्टॉल लावणं बंद केलं. चांगले राहिलेले चष्मे पुष्पाबाईंच्या शाळेला देऊन टाकले आणि पुष्पाबाईंना सगळं सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि, हे तेव्हा सांगायचं होतं, एवढंच म्हणाल्या. आता तो एका ट्रॅक्टरच्या शोरूमवर विक्रीला आहे. बोलता येतं, त्यामुळे बरं चाललं आहे. जालन्याच्या रस्त्यावर कधी भूषण समोरून येतो. गाडी थांबवत नाही, पण हात वर करतो. हरिओमही करतो.

चैत्रात भूषणला मुलगी झाली. बारशाचा निरोप कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आला. सगळ्यांनी यावं, असं. त्या ग्रुपवर शहाऐंशी जण आहेत. हरिओमने तो निरोप दिवसातून कितीदा तरी वाचला. सगळ्यांनी म्हणजे आपणही का, हे विचारायला त्याने दोनदा भूषणचा नंबर काढला आणि लावला नाही. बारशाच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो तयार झाला. गाडीची किल्ली घेऊन अंगणात आला. तिथे भाऊ फवारणीचा पंप दुरुस्त करत बसला होता, तर हा त्याच्याजवळ बसला, पंपाला हात लावू लागला, आणि मग बारा वाजले, एक वाजला.

महिन्याभराने शोरूमच्या कामाने बदनापूरला गेला तेव्हा मावशीच्या दारात उभा राहून आला. नात मांडीवर झोपली होती. मावशीने तिचं तोंड उघडून दाखवलं. नाव आत्याने ठेवलं, असं सांगितलं. त्याने पोरीच्या हातात खेळण्याचा पुडा ठेवला आणि, काम निघालं म्हणून बारशाला जमलं नाही, असं म्हणाला. मावशीने नातीचं तोंड परत झाकलं.

"तुझी कुनी वाट न्हाई बघितली," ती म्हणाली. "पन आला असतास तर कुनी हाकललंबी नसतं."

भूषण यायची वेळ होत आली होती. हरिओमने मावशीचा निरोप घेतला, गाडी सुरू केली आणि तो यायच्या आत गल्लीतून बाहेर पडला.